तूच उठवालीस तिला

खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जुलै-ऑगस्टात आठ-आठ दिवस ऊन म्हणून दिसत नाही आणि माझं पहिलं बाळंतपण नेमकं त्यातच आलं. माहेर जांबोटीच्या वाटेवर, कौलारू घर, पुढं पडवी, मागं गोठा. लाईट एकदा गेली की कधी येईल त्याचा नेम नाही. दुपटी वाळायची नाहीत म्हणून आई शेगडीवर बुट्टी पालथी घालून त्यावर पसरायची आणि त्या आतल्या अंधाऱ्या खोलीत ओव्याची धुरी, ओलं कापड, दूध, तेल असा सगळा मिळून एक वास कोंडलेला असायचा. तो वास अजूनही कुठं आला ना, की पोटात गोळा येतो माझ्या.

लेक दहा-बारा दिवसांची झाली तेव्हापासून मला झोप लागेना. म्हणजे बाळ झोपू देत नव्हतं म्हणून नव्हे, हा फरक मला फार उशिरा कळला म्हणून आधीच सांगून टाकते. बाळ झोपलेलं असायचं आणि मी जागी. कौलांवर पावसाचा आवाज चालूच, कंदिलाची वात बारीक केलेली, आणि मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय का बघत बसलेली. लागला की बरं वाटायचं, दोन मिनिटं, मग परत बोट. तिनं जरा पाय झाडला, जरा कुंथली, तोंडानं चुकचुक केलं की मी तिला उचललीच म्हणून समजा, छातीशी लावली, पाजली, खांद्यावर टाकली, आणि मग ती खरंच जागी व्हायची आणि रडायची, आणि मला वाटायचं बघा, हिला काहीतरी होतंय, बरं झालं मी वेळेत उचलली. रात्रीतून असं किती वेळा व्हायचं मोजलं नाही, पण पहाटे गोठ्यात धार काढायचा आवाज यायला लागला की मी देवाचे आभार मानायचे, एक रात्र गेली म्हणून.

आई त्याच खोलीत खाली चटई टाकून झोपायची. एका रात्री मी असंच उचललं तर ती अंधारातूनच म्हणाली, "ती रडत न्हवती गे. मी चार राती बघालोय. पोरगी नुसती हलतीया, तूच उठवालीस तिला."

(आमच्याकडं बायकासुद्धा मी आलो, मी गेलो, मी बघालोय असंच बोलतात, पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना वेगळं वाटेल म्हणून सांगितलं. मीपण माहेरी गेले की तसंच बोलते, लिहिताना तेवढं पुस्तकी होतं.)

ते वाक्य मला एवढं लागलं की मी दोन दिवस आईशी बोलले नाही. आई काही टोमणा मारत नव्हती, तिचा तो स्वभावच नाही, तिला दिसलं ते तिनं सांगितलं. पण मला त्यात ऐकू आलं ते एवढंच की तू वाईट आई आहेस, तुला साधं पोर झोपवता येत नाही. आणि एकदा मनानं ते धरलं की मग सगळीकडं तेच ऐकू यायला लागलं. कुणी म्हटलं पोरगी बारीक दिसते की ते माझ्यावर, कुणी म्हटलं डोळे तुझ्यासारखे आहेत की तेही माझ्यावर.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माझं निवळलं नाही, वाढत गेलं. पण ते ओळखायचं कुणी? बाळंतिणीनं रडायचं नाही, डोळ्यांना बाधतं, एवढंच घरात माहीत होतं. म्हणून मी रडायचे ती न्हाणीघरात, आई पाणी ओतायला यायच्या आधी.

तीन महिन्यांनी सासरी आले, बेळगावात, वडगावला. आमच्या गल्लीत अजून माग चालतात, शेजारच्या घरातला तर रात्री अकरापर्यंत खटखट खटखट. पाहुणे म्हणायचे बाळ झोपतं कसं या आवाजात. ती त्या आवाजावर मस्त झोपायची. लाईट गेली आणि माग बंद पडले की एकदम जी शांतता व्हायची ना, त्यात ती नाही, मी दचकून उठायचे, आणि मग तिला उचलायचे. हे आता लिहिताना दिसतंय मला. तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे की लाईट गेली की बाळ उठतं.

मग सुरू झाले उपाय. आत्तीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, रोज संध्याकाळी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. बाळगुटीत काय काय उगाळून झालं, जायफळ कमी कर, जायफळ जास्त कर. झोळी बदलली, झोळीची जागा बदलली, आढ्याखाली नको म्हणून. कुंची घट्ट बांधा, कुंची सैल करा. बाळाच्या डॉक्टरांकडं दोनदा जाऊन आलो, त्यांनी वजन केलं, कान बघितले, पोट बघितलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी, तो बिचारा दिवसा झोपायचा आणि घरातले सगळे पाय न वाजवता चालायचे. म्हणजे बघा, बाळाच्या झोपेची काळजी चार जणांना, नवऱ्याच्या झोपेची काळजी सगळ्या घराला, आणि तू झोपतेस का गं, हा प्रश्न सहा महिन्यांत मला एकाही माणसानं विचारला नाही. कुणावर राग म्हणून हे लिहीत नाही. प्रेमाची माणसं आहेत सगळी. पण बाळंतिणीची झोप ही काही चीज आहे, ती मोजायची असते, हेच आपल्या डोक्यात नाही.

आणि एक, लेक झाली हेही होतंच. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. "पहिली बेटी धनाची पेटी" एवढंच म्हणायचे सगळे. पण मी ते इतक्या वेळा ऐकलं की मला ते सांत्वन वाटायला लागलं, आणि सांत्वन कुणाचं करतात, ज्याचं काही गेलंय त्याचं ना. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे साधारण पाच जणींत एक. आणि धोका कुणाला जास्त, तर त्या यादीत पैशाची ओढाताण, घरातला मारझोड, आधीचा मानसिक आजार, नवऱ्याचा आधार नसणं, आणि मुलगी होणं. मुलगी होणं हे आजाराच्या कारणांत लिहावं लागतं! ते वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि लेकीला जवळ घेऊन बसले बराच वेळ.

शेजारी एक कन्नड मावशी राहतात, फार जीव लावतात. त्यांनी एकदा माझा चेहरा बघून आत्तीला हळूच विचारलं, बाणंती सन्नी तर नाही ना? हा शब्द आपल्या सीमाभागात मराठी घरांतही सगळ्यांना कळतो. बाळंतीण वेड्यासारखं वागायला लागली, भलतंच बोलायला लागली, नसलेलं दिसायला-ऐकायला लागलं, दिवस दिवस झोपच नाही, असं झालं की म्हणतात. ते खरंच असतं, हजारात एक-दोघींना होतं, आणि तसं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, एक रात्रसुद्धा थांबायचं नाही. मला ते नव्हतं. पण तो शब्द माझ्या कानावर पडला आणि मी आणखी मिटून गेले. कारण त्याच्या मागोमाग दुसरा शब्द येतो, धारवाड. तिकडच्या महाराष्ट्रात येरवडा म्हणतात तसं आमच्याकडं "धारवाडला पाठवायला पाहिजे हिला" म्हणतात. धारवाडचं ते मनोरुग्णालय १८४५ चं, पार कंपनी सरकारच्या काळातलं, आता तिथं मोठी संस्था झालीय, डॉक्टर शिकतात, चांगले उपचार होतात, पण शब्द काही बदलला नाही लोकांच्या तोंडातला. मला भीती एकच, मला तिकडं ठेवतील आणि पोरगी इकडं राहील. तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय, तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर आई उपचारासाठी दाखल असताना त्याला सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेणारा वेगळा विभाग आहे. हे आपल्याच राज्यात आहे, आणि वडगावातल्या बाईला माहीत नसतं.

लसीच्या दिवशी दवाखान्यात गेले की तिथल्या नर्सबाई प्रेमानं विचारायच्या, हँगदीरी, म्हणजे कशा आहात? आणि मी म्हणायचे, आराम अदीन्री, बरी आहे. बेळगावातल्या कुणालाही विचारा, हे उत्तर विचार करून देत नाहीत, ते जिभेवरच असतं. माझं शिक्षण सगळं मराठीतून, कन्नड माझं बाजारापुरतं. भाजीचा भाव करता येतो, बसवाल्याशी भांडता येतं, ताप किती दिवस आहे ते सांगता येतं. पण आतून रिकामं रिकामं वाटतंय, सकाळ नकोशी वाटते, बाळाला हातात घेतल्यावर काहीच वाटत नाही आणि त्याचीच भीती वाटते, हे कन्नडमध्ये कसं म्हणतात ते मला येत नाही. खरं सांगायचं तर मराठीतही येत नव्हतं. भाषेवरून आमच्या इथं किती काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्यात शिरत नाही. मला फक्त एवढं वाटतं की दुखणं सांगायची वेळ येते तेव्हा माणसाला त्याच्या आईनं झोपवताना वापरलेली भाषा लागते, मग ती मराठी असो, कन्नड असो, कोकणी असो, उर्दू असो.

शेवटी कळलं ते कसं, तर पाचव्या महिन्यात लेकीला दोन रात्रींसाठी माझ्या नणंदेनं सांभाळलं, मला ताप होता म्हणून. ती बाहेरच्या खोलीत घेऊन झोपली. सकाळी म्हणाली, वहिनी, ही तर फक्त दोनदा उठली, दोन्ही वेळा पाजायला मीच तुझ्याकडं आणलं. दुसऱ्या रात्री एकदाच. मी आत, दार लावलेलं, बाळ जवळ नाही, घरात सगळे झोपलेले, आणि मी दोन्ही रात्री पहाटेपर्यंत छताकडं बघत. तेव्हा मला आईचं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदा ते वेगळं ऐकू आलं. पोरीची झोप चांगली आहे. मोडलीय ती माझी.

नवऱ्याला सांगितलं. तो ऐकून घेणारा माणूस आहे, त्यानं कुणाकुणाला विचारून शहरातल्या एका मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतली. बाई होत्या, मराठी येत होतं त्यांना, त्याचंच मला अर्धं हायसं वाटलं. त्यांनी दहा प्रश्न विचारले. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, कशाची वाट बघावीशी वाटली का, उगाच स्वतःला दोष दिला का, असे. ती प्रश्नावली एडिनबर्गची, १९८७ मधली, जगभर वापरतात, कन्नडमध्येही तपासून घेतलेली आहे. दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हा. तो त्यांनी कागद खाली ठेवून, माझ्याकडं बघून विचारला. झोपेचाही एक प्रश्न त्यात आहे, आणि त्यात मेख आहे, बाळामुळं झोप होत नाही का हे तो विचारतच नाही, मनाच्या दुःखामुळं झोप लागत नाही का, हे विचारतो. डॉक्टर म्हणाल्या, बाळ झोपलेलं असताना, सगळं शांत असताना, तुम्हाला झोपायला दिलं तर झोप लागते का? मी नाही म्हटलं आणि रडायलाच लागले, पहिल्यांदाच कुणासमोर तरी.

मग हळूहळू मी वाचायला लागले, काही त्यांनी सांगितलेलं, काही माझं मीच शोधलेलं. आईनं चटईवरून चार राती जागून जे पाहिलं तेच अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ४५ घरांमध्ये रात्री कॅमेरे लावून पाहिलं होतं, २०१२ मध्ये तो अभ्यास छापून आलाय. ज्या आयांच्या मनावर नैराश्याचं सावट जास्त आणि रात्री बाळाचं कसं होईल याची काळजी जास्त, त्या रात्री बाळाजवळ जास्त जायच्या, बाळ रडत नसतानाही उचलायच्या, कधी गाढ झोपलेल्यालाही, आणि मग बाळं उठायची. मी ते वाचलं तेव्हा मला खोटं वाटेल तुम्हाला, पण शरम नाही वाटली, सोबत मिळाल्यासारखं वाटलं. कुठल्या कुठं त्या बायका, त्यांच्या भिंतीवर कॅमेरा, आणि आपल्यासारखंच अंधारात हात पुढं करणाऱ्या. त्या उचलत होत्या ते बाळासाठी आणि थोडं स्वतःसाठीही, मी पण. रात्री तीन वाजता जगात आपण एकटेच जागे आहोत असं वाटतं तेव्हा ते कोमट ओझं छातीवर हवं असतं माणसाला.

आणि बाळाची झोप कशी असते हे तरी आपल्याला कोण सांगतं? नवजात बाळाची निम्मी झोप ही हलती झोप असते. पापण्या थरथरतात, तोंड वाकडं होतं, हसतं, कुंथतं, हातपाय झाडतं, श्वास मधेच भरभर मधेच हळू, आणि हे सगळं झोपेतच. आपल्याकडं जुन्या बायका म्हणतात की सटवाई हसवते-रडवते झोपेत, म्हणजे त्यांनी ते बघितलेलं होतंच, आणि सटवाईच्या कामात मधे पडायचं नाही म्हणून त्या उचलतही नसत. तासाभरानं एक झोप संपून दुसरी लागताना बाळ जरा वर येतं, थोडं आवाज करतं, आणि थांबलं तर पुष्कळदा परत बुडी मारतं. माझा हात थांबत नव्हता.

दिवस-रात्रीचंही असंच. पोटातून येताना बाळाला दिवस कुठला रात्र कुठली कळत नसतं, दोन-तीन महिन्यांत हळूहळू त्याचं घड्याळ लागतं, उजेडानं, घरातल्या चालण्या-बोलण्यानं, रात्रीच्या दुधातून उतरणाऱ्या झोपेच्या द्रव्यानं. मिशिगनच्या विद्यापीठातल्या लोकांनी २००९ मध्ये दाखवलं की नैराश्य असलेल्या आयांच्या बाळांना झोप लागायला वेळ लागतो, तुकड्या-तुकड्यांत लागते, घड्याळ नीट बसायला उशीर होतो. आता माझी ती खोली आठवा, दिवसा खिडकी बंद, वारं लागेल म्हणून, आणि रात्री कंदील. मी दिवसभर पडून, रात्रभर जागी. माझंच घड्याळ बंद पडलेलं, त्यावर ती तिचं काय लावणार. हे माझं मत आहे, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, पण बाळंतिणीला कोंडून ठेवायच्या त्या पद्धतीत सकाळचं कोवळं ऊन तरी दार उघडून आत घ्यावं असं मला फार वाटतं. पावसाळ्यात ऊन नसलं तर नुसता उजेड तरी.

गरोदरपणातलं मनही मोजलं जातं यात. ब्रिस्टल भागातल्या हजारो मुलांवर नजर ठेवून केलेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात गरोदरपणात जास्त चिंता, जास्त उदासी असलेल्या आयांची मुलं दीड वर्षाची आणि अडीच वर्षाची असताना झोपेच्या तक्रारी जास्त दिसल्या. मला सातव्या महिन्यापासूनच काहीतरी बिघडलंय असं वाटायचं, पण मी ते पाय सुजलेत, उकडतंय, यावर ढकलायचे. हे वाचून कुणी गरोदर बाई घाबरू नये, हा काही कपाळावरचा लेख नाही, हजारोंच्या गर्दीत दिसणारा कल आहे. पण ज्या घरात गरोदर बाई आहे त्या घरातल्या माणसांनी मात्र घाबरावं थोडं. वजन बघता, रक्त बघता, मन पण बघा.

सगळ्याच आया माझ्यासारख्या सारखं उचलत असतात असं नाही. उलटंही होतं. बाळ रडतंय, कानावर पडतंय आणि उठायला अंगात बळ नाही, हात जणू दुसऱ्याचा आहे. मला असे दिवसही आले, दोन-तीनच, पण आले. बाळाला मग कळतच नाही की रडलं की काय होतं, कधी लगेच उचलतात, कधी कुणीच येत नाही. झोपायला बाळाला फार काही लागत नाही, रोज साधारण तेच तेच लागतं, तोच हात, तीच थाप, तोच आवाज, आणि आजारी मनाला नेमकं तेच जमत नाही.

आता याची दुसरी बाजू, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. आईचं मन बिघडलं की पोराची झोप बिघडते, हे वाक्य आमच्या घरात असं उच्चारलं असतं ना, तर उद्यापासून मला तेच ऐकायला मिळालं असतं, तुझ्यामुळं पोर झोपत नाही. म्हणून मी हे वाक्य कधी एकटं सोडत नाही. कारण ते दोन्हीकडून चालतं. बाळ झोपलं नाही की आईचं मनही ढासळतं. मेलबर्नमध्ये सात-आठ महिन्यांच्या, झोपेचा त्रास असलेल्या बाळांच्या आईवडिलांना नर्सनी बाळाला झोपवायच्या साध्या रीती शिकवल्या, २००७ मध्ये ते छापून आलं, बाळांची झोप सुधारली आणि आयांची उदासी पण कमी झाली. पुढं ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर परत बघितलं तर त्या रीतींचा मुलांवर काही वाईट परिणाम नव्हता. म्हणजे हा एक झोपाळा आहे, एका टोकाला हात लावला की दुसरं हलतं, आणि हात लावायला तिसरं माणूस लागतं. झोपाळ्यावर बसलेल्या दोघींनी एकमेकींना थांबवायचं म्हटलं तर ते होत नाही.

आमच्या घरात ते तिसरं माणूस आत्ती झाली. डॉक्टरांनी औषध दिलं, बाळ अंगावर पीत असताना चालेल असं बघून, अशी औषधं असतात हेही मला माहीत नव्हतं, मी दूध तोडावं लागेल म्हणून आधीच रडत होते. पण गोळीबरोबर त्यांनी एक गोष्ट नवऱ्याला बजावून सांगितली, हिला रात्री सलग चार-पाच तास झोप मिळाली पाहिजे, हे औषधच समजा. घरी आल्यावर नवऱ्यानं ते आत्तीला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभी होते. आत्ती काही शिकलेली नाही. तिनं तीस वर्षं शेजारच्या मागावर कांड्या भरल्यात, रात्री-बेरात्री, मुलं मांडीवर घेऊन. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आधी सांगायचं की. नऊ ते दोन मी बघतो. मला तसंबी झोप न्हाई."

झालं. एवढंच. सहा महिने मी जे सांगायला घाबरत होते त्याचं उत्तर दीड ओळीचं होतं.

रात्री नऊला पाजायचं आणि बाळ आत्तीकडं. काढलेलं दूध वाटीत झाकून ठेवायचं, मधे लागलं तर चमच्यानं. दोनला माझी पाळी, पहाटे नवरा दिवसपाळीचा असेल त्या आठवड्यात तासभर तो. पहिल्या रात्री मी आत पडून कान देऊन ऐकत होते, माझी बोटं अक्षरशः वळवळत होती. बाळानं आवाज केला, मी उठून बसले, आत्तीची बांगडी वाजली, थाप दोनदा-तीनदा, मग बांगडी गप्प. परत माग तेवढे खटखट. आत्ती काही विशेष करत नव्हती, ती फक्त थांबायची. झोपेला लगेच काही फरक पडला नाही, दोन-तीन आठवडे गेले, मधे एकदा मला वाटलं हे काही उपयोगाचं नाही आणि मी गोळ्या सोडणार होते, डॉक्टरांनी फोनवर समजावलं की अजून थोडं थांबा. मग एक दिवस मला दोनला जाग आली ती आत्तीनं हलवून उठवल्यावर. मला आठवेना मी कधी झोपले. पुढचे गणपती होऊन गेले तेव्हा लेक वर्षाची झाली होती, आणि मला कुंदा खाऊन गोड लागला. हे वाक्य ज्यांना कळेल त्यांना कळेल.

मी घरात आत्ती असलेली बाई. सगळ्यांच्या घरात आत्ती नसते, किंवा असते आणि तिच्याशीच बोलणं नसतं. कुणाचा नवरा पुण्याला, कुणाचा गोव्यात कामाला, खानापूर-चंदगडच्या बाजूला अशा किती जणी आहेत, चार भिंती, पाऊस आणि बाळ. त्यांच्यासाठी म्हणून लिहिते, १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी फोन करायचा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालाय, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, आणि भाषा निवडता येते, मराठी आहे त्यात, कन्नडही आहे. आशाताई बाळ बघायला घरी येतात, त्यांना सांगा. बाळ झोपत नाही असंच सांगायला सुरुवात करा हवं तर, तिथून पुढचं बोलणं निघतं, माझं तसंच निघालं. आणि घरातल्या बाप्यांना, सासवांना, नणंदांना, पाचवीला येणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती, बाळाच्या हातात पैसे ठेवता, बाळाचं नाक कुणासारखं ते बघता, तर जाता जाता आईला एकटं गाठून विचारा, बाळ झोपल्यावर तुला झोप लागते काय गे? आराम अदीन्री असं उत्तर आलं तर लगेच निघू नका.

आईशी मी ते वाक्य पुढं कधीतरी बोलले, गेल्या वर्षी, पडवीत बसून फणस सोलताना. म्हटलं तू तेव्हा म्हणालीस ना, तूच उठवालीस तिला, ते खरं होतं. तिला आठवतच नव्हतं. म्हणाली, "मी तसं म्हटलो? मला त्या राती एवढंच आठवतंय की तू जेवत न्हवतीस." आणि तेलाचा हात पुसून गऱ्यांचं ताट माझ्याकडं सरकवलं.

लेक आता चार वर्षांची आहे. आत्तीच्या खोलीच्या दाराला आम्ही कडी लावत नाही रात्री, कारण ती अजून एकदा उठते, पाणी मागते, कधी स्वप्न पडलेलं असतं, आणि तशीच अंधारात चालत जाऊन आत्तीच्या गोधडीत शिरते. ती कधी उठली, कधी गेली, ते मला सकाळी कळतं.